सुमे, रसायन कमी पडलंय

परभणी, मंगळवार रात्र

प्रिय सुमे,

सात महिने झाले. तुझ्या मेसेजला नुसते अंगठे पाठवत राहिले, कबूल. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी, गुडघा तसाच, आईची शुगर वर-खाली.

आज जे झालं ते इथं कुणाला सांगायची सोय नाही. जिंतूरकडची एक बाई माझ्याकडं समुपदेशनाला येते. नाव लिहीत नाही, नाहीतर तूच आधी माझा कान धरशील. पहिल्या दिवशी पीएचक्यू-नाइन, ती नैराश्य मोजायची प्रश्नावली, भरून घेतली. विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? म्हणाली, "दोन आठवडे कशाचे मॅडम, लग्न झाल्यापासून." २७ पैकी १९, म्हणजे बरंच जास्त. डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम, नैराश्याची गोळी, लिहून दिली आणि नेहमीचं वाक्य ऐकवलं, "मेंदूतलं एक रसायन कमी पडलंय, शुगरसारखंच." तिथून ती थेट माझ्याकडं. "खरंय का मॅडम?"

मी हो म्हणाले.

मी, सुमे! हॉस्टेलच्या गच्चीवर त्या अमेरिकन डॉक्टर एंगेलचा १९७७ चा लेख नाचवणारी मी. शरीर, मन, समाज, तिन्ही बघा म्हणून घसा कोरडा करत होते, आणि तू म्हणालीस, "त्या एंगेलला म्हणावं, माझ्या आईला आंघोळीला उठवून दाखव." दोन दिवस अबोला. मग पोह्यांवर मिटलं. (पोह्यांचे पैसे अजून तुझ्याकडं आहेत.) २०२२ मध्ये ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञ मॉन्क्रीफ बाईंचा आढावा आला, सेरोटोनिन, म्हणजे हेच मेंदूतलं रसायन, कमी पडल्यानं नैराश्य येतं याला ठोस पुरावा सापडत नाही म्हणणारा, तेव्हा दात काढत तुला लिंक मीच पाठवली होती. तू एवढंच लिहिलंस, "कारण चुकलं म्हणून गोळी चुकत नाही." बरोबर होतीस. राग त्याचाच आला होता.

मग हो का म्हणाले? तिनं लगेच विचारलं, "म्हंजे मी कामचोर नाही?" सासू दोन वर्षं तेच ऐकवत होती. दवाखान्याचा कागद घरी गेला आणि सासू स्वतः दळण घेऊन गिरणीवर गेली. माझी दहा सेशन झाली असती तरी ती म्हातारी हलली नसती. चौथ्या आठवड्यात हिला झोप लागायला लागली, मग तोंड उघडलं. सोयाबीन पाण्यात गेलेलं, सावकार, नवरा रात्री मारतो ते. मी मनात खूश. म्हटलं गोळीनं कडी काढली, आता आपलं काम सुरू.

आज नवऱ्याचा विषय काढला तर म्हणते, "मी सारखी रडायले म्हणून त्याला राग येतो. रसायन भरलं की समदं नीट व्हईल. डोस वाढवा की."

मार खाणंसुद्धा रसायनात गेलं गं. आणि त्या वाक्यावर शिक्का माझा.

डॉक्टरांकडं गेले. माणूस भला, पण बाहेर रांग दारापर्यंत. म्हणाले, "सावकार उतरवायची गोळी असती तर तीच दिली असती." मला हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. आता ते रसायन खोडायला जावं तर आजारही खोडला जातो, म्हणजे दळण पुन्हा हिच्या डोक्यावर. वर ती एका दिवसात गोळी सोडून देईल, ते आणखी वाईट. शेवटी म्हटलं, गोळी चालू ठेव, पण मारण्याला गोळी नसते. १८१, महिला हेल्पलाइनचा नंबर, चिठ्ठीवर लिहून दिला. तिनं ती घडी घालून गोळ्यांच्या पाकिटात ठेवली. बाकी काही बोलली नाही. सोमवारी येणार आहे, एकटीच ये म्हटलंय.

तुझं नवं क्लिनिक सुरू झालं म्हणे? पुण्यात भाडं परवडतं का? पिंट्याची दहावी यंदाच ना? सगळं फोनवर सांग.

पण आधी एक काम कर. काकूंना, तुझ्या आईला, विचार. तेव्हा 'आजार आहे' म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं, की घरातलं जे बोलायचं होतं ते त्यांनी तिथंच गिळलं? आपण दोघी त्यांच्यावरून एवढं भांडलो, त्यांना एकदाही विचारलं नाही. सोमवारच्या आत कळव. रात्री नऊनंतर मी मोकळी असते.

तुझी,
वैजू