पहिल्याच बैठकीत सांगू

चि. मनू हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे पाऊस म्हणजे पाऊस आहे. कणकुंबीकडून निघालेले ढग आपल्याच डोक्यावर येऊन रिकामे होतात. खालच्या खाचरातली रोप लावणी उरकली, वरचं अजून बाकी आहे. लाइट आली तर तासभर टिकते. फोनला रेंज हवी तर शाळेमागच्या माळावर जावं लागतं, आणि तिथं गावातले निम्मे लोक फोन कानाला लावून उभेच असतात. मला जे सांगायचं आहे ते तिथं ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. शेजारचा पोरगा सोमवारी चोर्ला घाटातून पणजीला यायचा आहे. त्याच्याकडे तांदूळ, आईनं दिलेलं लोणचं आणि हे पत्र देतोय.

तुझा मेसेज वाचला, 'बाबा, इन्शुलिन सुरू होऊन आज बारा वर्षं झाली.' मैत्रिणी खोलीवर जमल्या, केक आणला, तू आधी इन्शुलिन घेतलंस आणि मग केक खाल्लास, हेही आईला कळलं. तिला ते फारसं रुचलं नाही. आजाराचा कसला आलाय वाढदिवस, म्हणाली. मी तेव्हा गप्प बसलो, पण मी तुझ्या बाजूचा आहे. तुझा हा टाइप वन डायबेटिस काही त्या दिवशी आला नाही. तो महिनाभर आधीच घरात मुक्कामाला होता. त्या दिवशी औषध आलं.

तुला त्यातलं किती आठवतं कोण जाणे. मिरगापासूनच तू तांब्यावर तांब्या पाणी पीत होतीस, रात्री उठून उठून मोरीत जात होतीस. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी उंच व्हायला लागली. पाल चुकचुकली ती आजीच्या मनात. "मोरीत एवढ्या मुंग्या का लागल्यात रे? गूळ सांडला नाही, साखर सांडली नाही," असं ती दोन दिवस विचारत होती. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण पोरीला डॉक्टरकडे न्या असं पहिल्यांदा तीच म्हणाली.

मग ओकारी सुरू झाली, पोट दुखायला लागलं, आणि तुझा श्वास बदलला. लांब लांब, ओढून घेतल्यासारखा. तोंडाला पिकून उतू गेलेल्या फळाचा वास. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं, ते उतरेपर्यंत जीप अलीकडेच थांबली होती. खानापुरात डॉक्टरांनी तुझ्या बोटाला टोचून थेंब घेतला, तर मशीनवर आकडाच येईना, नुसती 'हाय' अशी अक्षरं. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. ते म्हणाले, साखर सहाशेच्या वर गेली की या मशीनला मोजता येत नाही, एक मिनिट थांबू नका, बेळगाव गाठा. बेळगावात सलाइन लागलं, इन्शुलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडून पहिलं काय बोललीस माहीत आहे? "मला भाकरी पाहिजे."

कॉलेजात असताना तूच मला सांगितलं होतंस ना, १९२१ साली तिकडं टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध काढलं, आणि १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्सन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस पुढे ढकलायचे, एवढाच उपाय होता. पेटंट त्यांनी विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं, हेही तू सांगितलं होतंस. ते ऐकून मी हिशेब केला. त्या साली माझी आजी नांदगडच्या बाजारात मिरच्या विकत बसत असेल. तिच्या पोटचं पोर असं तहान तहान करत असतं, तर कुणाला नावसुद्धा कळलं नसतं कशानं गेलं ते. म्हणून म्हणतो, केक खाल्लास ते बरं केलंस.

दवाखान्यातून सोडताना जो कागद दिला तो कानडीत. मला कानडी येते ती बसचा बोर्ड वाचण्यापुरती आणि बाजारात भाव करण्यापुरती. तू सहावीत, आपल्या मराठी शाळेतही कानडी विषय असतोच, म्हणून कॉटवर बसून तूच बोट ठेवून वाचायला लागलीस. सुई पोटावर नाहीतर मांडीवर, रोज त्याच जागी नको, नाहीतर गाठ येते. ताप आला, जेवण गेलं, तरी इन्शुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. बाटली बर्फात ठेवायची नाही. हात थरथरले, घाम सुटला की आधी साखर खायची. जन्मभर घ्यायचं हे वाचून झाल्यावर तू विचारलंस, "म्हणजे परीक्षेच्या दिवशीपण?" सिस्टरला हसू आवरेना. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो.

तेव्हा आपल्याकडे फ्रिज नव्हता, आणि असता तरी लाइट कुठं होती! खानापूरची मडकी एरवी पाण्यासाठी घेतो, त्या वेळी तुझ्या औषधासाठी घेतलं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डब्यात घालून बाटली, वरून ओलं फडकं. फ्रिजची सर त्याला येत नाही, पण चैत्र-वैशाखाच्या झळा बाटलीला लागू देत नाही. पावसाळ्यात हवाच इतकी दमट की मडकं काही थंड होत नाही, पण तेव्हा गारठाच एवढा असतो की त्याची गरज पडत नाही. ते मडकं अजून माळ्यावर आहे. आई त्यात कोकम ठेवते.

आणि सुया. एका मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची, १०० युनिटवाल्या औषधाला नारंगी टोपणाची. एका दुकानदारानं लाल मागितली तर नारंगी हातात ठेवली, वर म्हणतो सुई ती सुई. ४० चं औषध नारंगी सुईत दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर पोटात जातं चार युनिट. उलटं झालं तर अडीचपट जातं, आणि मग माणूस उठत नाही. मी त्या दुकानाची पायरी परत चढलो नाही. तू आता इन्शुलिनचं पेन वापरतेस, तुला ही कटकट नाही. तरी बाहेरगावी पेन बिघडलं आणि कुठून तरी बाटली-सुई घ्यायची वेळ आली, तर टोपणाचा रंग बघ.

त्या वर्षीच्या दिवाळीची गंमत आठवते का? तुझा डोस उतरत उतरत अगदी दोन-तीन युनिटांवर आला. गावात बोभाटा झाला, पोरगी बरी झाली! एक म्हणाला माझ्या कारल्याच्या रसानं, दुसरी म्हणाली आमच्या देवाच्या अंगाऱ्यानं. कारल्याचा रस तू गुपचूप तुळशीत ओतत होतीस, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की सुरुवातीला स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी थोड्या सावरतात, काही महिने डोस कमी लागतो, मग परत वाढतो, म्हणून सुई बंद करायची नाही. झालंही तसंच. होळीपर्यंत डोस वाढला तेव्हा अंगारेवाली म्हणाली, तुम्ही श्रद्धा ठेवली नाही.

आता यात्रेचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

महालक्ष्मीची यात्रा होती, तू दहावीत. सकाळचं इन्शुलिन घेतलेलं, पाहुण्यांच्या गडबडीत जेवण लांबलेलं. रथापाशी ही गर्दी. कुणीतरी ओरडत आलं, मनूच्या अंगात आलंय! मी भंडाऱ्याच्या धुरळ्यातून आत घुसलो तर तू मधोमध, अंग घामानं चिंब, हात लटलट कापतायत, डोळे कुठं तरी लागलेले, काहीतरी बरळतेयस. बायकांनी हळद-कुंकू लावलं होतं, एकीनं ओटी भरायला घेतली होती, एक म्हातारी पाया पडून लेकाच्या नोकरीचं विचारत होती. आणि तू तिला काहीतरी उत्तरही देत होतीस! मी शेजारच्या चहावाल्याकडून मूठभर साखर घेतली, पाण्यात घोळली आणि घोट घोट तुला पाजली. बायका मला शिव्या देत होत्या, देवीचा कोप होईल म्हणून. मशीन लावलं तर ४८. सत्तरच्या खाली गेलं की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं, हे आपलं पाठ. मूठ जरा जास्तच झाली असेल. पंधरा मिनिटांनी तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाबा, भजी घेऊया?"

ती म्हातारी अजून तुला बघितलं की हात जोडते. लेकाला नोकरी लागली, त्याला मी काय करू.

तर आता मुद्द्याचं. आत्यानं स्थळ आणलंय. चंदगडकडचे लोक आहेत, मुलगा कोल्हापूरला कंपनीत कामाला, घरची थोडी शेती, माणसं बरी वाटतात. फोटो तुला आत्यानं पाठवलाच असेल, तिला दम कुठं निघतो! गणपतीला तू येशील तेव्हा बघायला येतो म्हणालेत. आणि आत्याचं म्हणणं असं, की हे सांगायचं नाही. "पोरगी देखणी, शिकलेली, पगार आणते. सुईचं कशाला काढायचं? एकदा अक्षता पडल्या की सगळं निभतं." तुझी आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिच्या काळजाला घोर आहे, तिला दोष देऊ नकोस. आपल्या भागात मुलीचा आजार म्हणजे माहेरच्यांनी झाकायची गोष्ट, असंच सगळ्या बायका ऐकत आल्या.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्याच बैठकीत, पोहे यायच्या आधी सांगायचं. ही काही खरेपणाची हौस नव्हे. माझ्या डोळ्यांपुढे ती यात्रा आहे. रात्री दोनला सासरच्या घरात तुझी साखर ४८ झाली, आणि घरात कुणालाच माहीत नसलं, तर तुला साखर कोण देणार? कुणी म्हणेल बाहेरचं आहे, कुणी भगत बोलवेल. इन्शुलिन चोरून न्हाणीघरात घ्यायचं, पेन ट्रंकेत साड्यांखाली ठेवायचं, सणावारी सगळ्यांची जेवणं होईपर्यंत उपाशी राहायचं आणि का चालत नाही ते सांगायचं नाही, असा संसार चार दिवससुद्धा होत नाही. आत्याला मी हेच म्हटलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि निघून गेली. दोन दिवसांनी फणसाची साटं पाठवून दिली, म्हणजे राग फार नाही.

ते विचारतील ते मला माहीत आहे. गोड खाऊन झालं का? नाही म्हणायचं. शरीरातली रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून आपल्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, यात गोडाचा काही संबंध नाही आणि हा म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांवरच्या डायबेटिससारखा नाही. मुलांना होईल का? बेळगावच्या डॉक्टरबाईंना मी मुद्दाम विचारून आलो. आईला असला तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात एक ते चार, म्हणाल्या. आणि बाळंतपण? आधीपासून साखर ताब्यात ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, व्यवस्थित होतं. पुढचं तू बाईंशी बोल, बापाला सगळं विचारता येत नाही. खर्चाचं विचारलं तर सांगू, ती स्वतः कमावते.

हे ऐकून ते उठून गेले तर जाऊ देत. पोहे आपण खाऊ.

पण सांगायचं कुणी, हे तू ठरव. आजार तुझा, तोंड तुझं. तू बोलणार असशील तर मी शेजारी नुसता बसेन, मध्ये तोंड घालणार नाही. तुला नको वाटत असेल तर मी बोलतो. आणि हे स्थळच नको असेल तर तेही लिही, मी आत्याला बघून घेतो. पोरगा बुधवारी परत निघणार आहे, त्याच्याकडे चिठ्ठी दे. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला असेल तर आकडा त्यातच लिही, आई रोज विचारते.

तांदूळ जुना आहे, पाणी बेतानं घाल. आत्याचा फोन आला तर बुधवारपर्यंत उचलू नकोस.

तुझे,
बाबा