करवतकाठ

इंदूर,
रविवार सकाळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू ठेवलास, पण चूक माझी होती. तू धड ‘हॅलो’ म्हणायच्या आत मी “ती गाडी विकून टाक” म्हणाले. समोरच्या कारची नंबरप्लेट अर्धीच दिसायला लागली म्हणून तू कर्वे रस्त्यावर स्कूटर बाजूला घेतलीस आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिलीस, हे मला शैलाकडून कळलं. तेही आठ दिवसांनी. राग त्याचा होता, निघाला गाडीवर. आता गाडीचं काही लिहीत नाही.

शैलाला तू विचारलंस म्हणे, “आईला नक्की काय दिसतं?” मला विचारायचंस ना.

मला ते पहिल्यांदा दिसलं १९८० साली, अनंत चतुर्दशीच्या रात्री. चौदा वर्षांची होते. विसर्जनाच्या मिरवणुकीतली अप्पांच्या मिलची झांकी, म्हणजे सजवलेला देखावा, बघायला आम्ही संध्याकाळपासून राजवाड्यापाशी जागा धरून बसलो होतो. त्या वेळी सगळ्या मिल चालू होत्या, एकेका झांकीवर बल्बच्या माळाच माळा. बघता बघता त्यातला एक बल्ब माझ्या डोळ्यातच राहिला. आधी मधोमध एक ठिपका, मग त्याची कमान झाली, कमानीला दाते फुटले, आणि तो दातेरी काठ लुकलुकत, मोठा होत डावीकडे सरकायला लागला. डोळे मिटले तरी तिथेच. अप्पांकडे वळून पाहिलं तर त्यांचा अर्धा चेहराच नव्हता. मी रडले नाही. वाटलं, आपण आंधळ्या होतोय आणि हे अप्पांना कळता कामा नये. वीसेक मिनिटांनी काठ कडेनं निघून गेला आणि उजवं कानशील ठणकायला लागलं. घरी येईपर्यंत दोन उलट्या. आजीनं फक्त एवढंच विचारलं, “करवतकाठ दिसला का गं?” तिलाही दिसायचा. करवतकाठी लुगड्याच्या काठासारखा, म्हणून तिनं ठेवलेलं नाव.

अर्धशिशीवर आपल्याकडचा उपाय म्हणजे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी. दुखणं दुसऱ्या दिवशी तसंही उतरतंच, पण अप्पा रात्रभराच्या जागरणानंतर पहाटे हलवायाच्या दुकानापुढे जाऊन उभे राहिले होते. त्या जिलेबीनं मला बरं वाटलंच.

डॉक्टर ज्याला ऑरा म्हणतात तो हाच. डोळे मिटूनही दिसतो, कारण तो डोळ्यात नसतोच, मेंदूच्या मागच्या भागात असतो. तिथल्या पेशी एकदम चेततात आणि मग काही वेळ गप्प होतात. ही लाट हळूहळू पुढे सरकत जाते. कार्ल लॅश्ली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला स्वतःला हा त्रास होता. त्यानं तो काठ सरकताना कागदावर काढला आणि १९४१ साली त्यावरून वेग मांडला, मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर. त्यानं आणखी एक लिहून ठेवलंय, ते मात्र नीट वाच. मित्राशी बोलता बोलता मित्राचं डोकं दिसेनासं झालं. पण त्या जागी काळोख नव्हता. मागच्या भिंतीवरचे उभे पट्टे सरळ खाली मित्राच्या नेकटायपर्यंत आलेले दिसले. म्हणजे जे दिसत नाही तिथं मेंदू शेजारचंच काहीतरी भरून टाकतो. आपल्याला काही दिसत नाहीये, हेच कळत नाही.

हे वाचलं तेव्हा मला पलासिया चौराहा आठवला. तुझ्या हनुवटीवरची खूण जिन्यात पडल्याची नाही, मनू.

तू चार वर्षांची होतीस. बालवाडीतून आणत होते तुला, स्कूटीवर, तू पुढे उभी. सिग्नलच्या अलीकडेच काठ सुरू झाला होता. थांबायला हवं होतं. पण दुखायला लागायच्या आत घर गाठू, असं वाटलं, घर दहा मिनिटांवर होतं. डावीकडे मला रस्ता दिसत होता, अगदी मोकळा. त्या मोकळ्या रस्त्यातून केळ्यांचा ठेला आला. फार जोरात नाही लागलं. तुझी हनुवटी हँडलवर आपटली, तीन टाके. ठेलेवाल्यानंच तुला उचलून घेतलं, त्याची केळी रस्ताभर झाली होती आणि तो मलाच “बहनजी, बैठ जाओ” म्हणत होता. घरी मी जिना सांगितला. बाबांना खरं काल रात्री सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, बराच वेळ तुझा लहानपणचा फोटो बघत बसले.

त्यानंतर मी गाडी सोडली. तू पण सोड, असं म्हणत नाहीये. म्हणजे म्हणतेच आहे, पण तुझं ऑफिस बारा किलोमीटर आहे, हे मला समजतं. निदान इतकं कर, ठिपका दिसला की त्या क्षणी थांबायचं. पुढच्या चौकात नाही, पेट्रोलपंपावर नाही. आणि पूर्ण दिसायला लागल्याशिवाय किल्ली हातात घ्यायची नाही.

दुसरं, पीसीओडीसाठी त्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या. त्यांना ऑराबद्दल सांगितलंयस का? आईनं यात बोलू नये असं तुला वाटेल, पण ऑरा असलेल्या बाईनं इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, त्यानं मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. पाकिटावर बघ आणि उद्याच त्यांना फोन कर. दुसऱ्या गोळ्या असतात. साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त व्हायला लागल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं धरतं. मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान, म्हणजे अर्धशिशीच्या खास गोळ्या असतील, तर महिन्यातून १० दिवस झाले तरी. कॅलेंडरवर खूण करत जा. काठ तासाभरानंतरही गेला नाही, किंवा एखादा हात-पाय लुळा वाटला, तर घरी पडून राहू नकोस, सरळ हॉस्पिटल. आणि उपाशी निघू नकोस. तुझं ते कॉफी पिऊन निघणं

पुरे. परत शाळा सुरू झाली माझी. रागावू नकोस.

काल सगळं आठवत होतं. मी अंधार करून पडलेली असताना तू दाराबाहेर पाट टाकून बसायचीस, पेपरवाला आला तरी बोट तोंडावर ठेवून. एकदा कुकरची शिटी वाजू नये म्हणून तू गॅसच बंद केलास आणि संध्याकाळी सगळ्यांनी कच्ची तूरडाळ खाल्ली, कुणी एक शब्द बोललं नाही. सात वर्षांची होतीस. तेव्हा मला वाटायचं, हे हिच्या वाट्याला न येवो. आजीकडून माझ्याकडे आलं, तिथंच थांबो.

आणि तू गाडी बाजूला घेतलीस. पहिल्याच वेळी, इतक्या ट्रॅफिकमध्ये, कुणी शिकवलेलं नसताना. मला जे जमलं नाही ते तू केलंस. फोनवर पहिलं वाक्य हे बोलायला हवं होतं.

सोबत शेव, जिरावन मसाला आणि बाबांनी आणलेला काळा चष्मा पाठवतेय. पाकिटात एक कार्ड आहे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलंय. त्यावर मी लिहिलंय: ‘मला अर्धशिशी आहे. आत्ता नीट दिसत नाही, बोलताना शब्द अडतील. मी नशेत नाही. कृपया सावलीत बसू द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर या नंबरवर फोन करा.’ खाली शैलाचा आणि आमचा नंबर. स्कूटरच्या डिकीत नको, पर्समध्ये ठेव.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, महिन्याच्या रिक्षाचे पैसे ते पाठवतील. मी त्यांना तसं सुचवलेलं नाही.