बंब धुमसतो का?

महोदय,

थंडी पडली की आमच्या पंचवटीच्या घरात सासूबाईंचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब निघतो. यंदा तासभर झाला तरी पाणी कोमटच, वर मोरीभर धूर. दुरुस्तीवाला बंबाला हात न लावताच म्हणाला, "नवा गीझर घ्या." (त्याचंच दुकान!) मग मीच मधल्या नळकांड्यात काठीला काथ्या बांधून फिरवला, घमेलंभर काजळी निघाली. जाळी राखेने गच्च, हवा येणार कुठून? बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चिंचेच्या कोळाने सुटला. निफाडहून आणलेल्या ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षकाड्याही ओल्याच होत्या, त्या उन्हात वाळवल्या. आता २० मिनिटांत कढत पाणी. निखारे असेपर्यंत बंब रिकामा करू नका, सांध्यांचा डाख (झाळ) सुटतो. आणि मोरीचं दार लावून पेटवू नका.

— एक गृहिणी, नाशिक