घरट्यांचे फोटो छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षी सप्ताहासाठी वाचकांकडून फोटो मागवल्याची चौकट आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या आठवड्यात पानभर पक्षी छापायचे, ही कल्पना झकासच आहे. पण चौकटीत खाली 'घरटी आणि पिल्लं' असा वेगळा विभाग ठेवलाय, तो रद्द करावा. मागणं एवढंच आहे, पण कारण सांगायला जरा जागा लागेल.

मी नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालो. छापील कागदावरचे दोष शोधण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे डोळ्याला बारीक बघायची खोड आहे. मुलाने गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला घर बांधलं, तेव्हा आम्ही दोघं इकडे राहायला आलो. (गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.) फंडाच्या पैशांतून लांब झूमचा कॅमेरा घेतला. सौ.ची तक्रार एकच, घरात नातवंडांपेक्षा बगळ्यांचे फोटो जास्त झालेत.

पण खरं सांगतो, थंडीत ओट्यावर चहा घेऊन बसलं की उठवत नाही. कपाळाला पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी दिंडीसारखे पाण्यावर पसरलेले असतात. केशरी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने काठावर उतरतात. कवड्या खंड्या हवेत एका जागी थरथरत राहतो आणि दगड टाकावा तसा खाली पडतो. त्याचा धड एक फोटो मिळायला मला दोन हिवाळे लागले. नांदूरमधमेश्वरला जाणाऱ्यांनी जरूर जावं. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेली ती जागा आहे आणि चापडगावला मनोऱ्यावरून निवांत बघता येतं. आमच्या काठावर मनोरा नाही आणि राखणदारही नाही. जो येतो तो थेट पाण्यापर्यंत गाडी घालतो.

आता मुद्द्यावर येतो. पाच वर्षांपूर्वी आमच्या मेंदीच्या कुंपणात बुलबुलाने घरटं केलं. वाटीएवढं, आत तीन पिल्लं, नुसत्या चोची. पण मधे दोन-तीन फांद्या येत होत्या आणि आत उजेड पोचत नव्हता. मी बागेची कात्री आणली आणि फांद्या छाटल्या. फोटो असा आला की विचारू नका. आई चोचीत अळी घेऊन टेकलेली, तिन्ही चोची उघड्या आणि आतला लालभडक रंग. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केलेल्या त्याच खिडकीतून भारद्वाज आत शिरलेला पाहिला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. त्या बुलबुलांचा नाही गेला. दुपारपर्यंत दोघं तारेवर बसून ओरडत होते.

तो फोटो मी आपल्या पुरवणीला पाठवला आणि आपण तो माझ्या नावानिशी छापलात. नातेवाइकांचे फोन आले. मीही कात्रण लॅमिनेट करून घेतलं. कात्रीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुढे कळलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना उपद्रव देणं येतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत मी शिकारी झालो होतो, आणि आपल्या पानावर झळकलोही होतो.

दुसरी गोष्ट गेल्या मे महिन्यातली. धरणातून आवर्तनं सुटली की पाणी मागे हटतं आणि गाळपेराची जमीन उघडी पडते. तिथे टिटवीने अंडी घातली होती. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. बोटभर खोल खळगा, कडेला चार खडे आणि मधे मातकट रंगावर काळे डाग असलेली चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. मी बांधावरच्या बाभळीखाली गोणपाट पांघरून बसायचो, लांबूनच. दुपारी बाराला मादी अंड्यांवर बसत नव्हती, पाय ताठ करून उभी राहून त्यांच्यावर सावली धरत होती. मधेच पाण्यापर्यंत जायची, पोट बुडवून पिसं भिजवायची आणि परत यायची. पण सरळ कधीच नाही. आधी भलतीकडे चालत जायची, उगाच काही टिपल्यासारखं करायची, मग वळसा घालून घरट्याशी. आल्यावर ओलं पोट अंड्यांना लावून बसायची. तीन तासांत अशा सात खेपा मी मोजल्या. 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण टिटवी इतका वेळ कधी पाहिली नव्हती.

ती गाळपेर ज्यांची, ते अण्णा मक्यासाठी रोटाव्हेटर घेऊन आले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कोकलायला लागली, तसे ते ट्रॅक्टरवरून उतरले, अंडी पाहिली आणि घोंगडीएवढा तुकडा सोडून बाकी रान फणून काढलं. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, खाली पात्रात घातली की ओढ, असं आमच्याकडे मानतात. मी त्यांना तसं विचारलं, तर म्हणाले, "पावसाचं पावसाला माहीत. तिचं मोडून मला काय मिळणार?"

त्या रविवारी दोन गाड्या आल्या. मोठ्या लेन्सवाली चार मंडळी होती, कोणीतरी मोबाइलवर जागेची खूण पाठवली होती म्हणे. तुकडा न फणलेला असल्याने सापडायला वेळ लागला नाही. ती मंडळी घरट्याभोवती आडवी झाली. तेवढ्यात शेजारी प्रीवेडिंगवाल्यांनी ड्रोन उडवला. टिटवी जी उठली ती पाऊण तास खाली उतरली नाही. उन्हाने जमिनीला हात लावता येत नव्हता. मी जाऊन बोललो, तर एक तरुण नम्रपणे म्हणाला, "काका, आम्ही अंड्यांना हातसुद्धा लावला नाही." खरंच होतं ते. टिटवी संध्याकाळी परत बसली आणि पुढे बरेच दिवस बसतच राहिली. अंड्यांतून पिल्लं काही निघाली नाहीत.

त्या मुलांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांना असा फोटो काढावासा वाटतो, कारण असे फोटो छापून येतात. माझंही तसंच झालं होतं. घरट्याचा फोटो कितीही सुंदर असो, तो काढताना काय छाटलं आणि पक्षी किती वेळ उठवून ठेवला, हे आपल्या टेबलावर बसून कळायला मार्ग नाही. त्यामुळे चांगले-वाईट निवडत बसण्यापेक्षा तो विभागच नको. मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवून बोलावलेल्या नवरंग पक्ष्याच्या फोटोचंही तेच, पण ते पत्र वेगळं लिहीन. आणि छापलेल्या कुठल्याही फोटोखाली तालुक्यापलीकडे ठिकाण देऊ नये.

माझा तो बुलबुलाचा फोटो आपल्या संग्रहात असेल तर कृपया पुन्हा वापरू नये. लॅमिनेट केलेलं कात्रण मी भिंतीवरून काढलंय. यंदा वारकऱ्यांचा पाठवतोय, ओट्यावरूनच काढलेला. थोडा हलला आहे.

आपला,
एक जुना वाचक
ता. नाशिक