संतोषला, गाण्यांच्या यादीसोबत

परभणी,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संतोष,

"नवं काय ऐकायलास?" असं तू विचारलंस. फोनवर दोन मिनिटांत भागलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

१४ जानेवारीला नामविस्तार दिनाला संभाजीनगरला गेलो होतो. विद्यापीठाच्या गेटासमोर तीच गर्दी, तेच पुस्तकांचे स्टॉल, एकाच वेळी चार स्टेजवरून चाललेली भीमगीतं. १९९४ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं, नामविस्तार झाला, तेव्हा आपण लहान होतो, पण पुढं होस्टेलवर असताना दर वर्षी या रात्री पहाटेपर्यंत थांबायचो, आठवतं ना? या वेळी कडेच्या एका छोट्या स्टेजवर एक पोरगी गायली. एकोणीस-वीस वर्षांची असंल. साथीला ढोलकी आणि कीबोर्ड, बस. गाणं आईबापावर होतं. कोयता घेऊन दोघं ऊसतोडीला कारखान्याकडं गेलेले, आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहिलेली आणि ही आजीजवळ गावात. समोरच्या बायका टाळ्या वाजवायच्या थांबल्या होत्या रे. मी साऊंडवाल्या पोराला गाठून तिचं चॅनल विचारलं. तिथं तिची सात गाणी, आणि ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे.

त्या रात्रीपासून मला एकच नाद लागलाय. आपल्या भागातले असे गाणारे शोधायचे.

स्पॉटिफाय दर सोमवारी 'डिस्कव्हर वीकली'त तीस गाणी देतं, शुक्रवारी 'रिलीज रडार'मध्ये नवी आलेली. पण मी वर्षानुवर्षं हिंदीच ऐकलेलं, मग तेच फिरून समोर यायचं. शेवटी एक कोरी प्लेलिस्ट केली. त्यात फक्त पाच मराठी गाणी टाकली, पाचही नव्या पोरांची. यादीच्या खाली त्या पाचांना धरून सुचवलेली गाणी येतात, तिथून सुरुवात झाली. त्याहून मोठा खजिना गाण्याच्या क्रेडिट्समध्ये सापडला. गाणाऱ्याचं नाव सगळेच बघतात, मी संगीत कोणी केलंय ते बघायला लागलो. एखादा पोरगा घरातल्या खोलीत बसून दहा जणांची गाणी करून देतो. तो एकदा सापडला की दहाही सापडतात. जिंतूरकडचा एक रॅप करणारा मला असाच मिळाला. 'करायलाव', 'जायलाव' असं आपल्यासारखंच बोलतो, कुठंही पुणेरी करत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गंगाखेडच्या एसटीत होतो, स्टँड आलेलं कळलं नाही.

आता एक विनंती, आणि ती मनापासून आहे. गाणं तीस सेकंद वाजल्याशिवाय स्पॉटिफाय ते ऐकलेलं धरत नाही. आणि २०२४ पासून नियम असा, की वर्षभरात एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या रेकॉर्डिंगचा एक पैसाही मिळत नाही. मोठ्या गायकाला हजार म्हणजे काहीच नाही, या पोरांना तो डोंगर आहे. म्हणून पहिलं कडवं ऐकून पुढं जाऊ नकोस. पूर्ण ऐक. आवडलं तर सेव्ह कर, आणि ऑफिसातल्या मराठी पोरांना नाव घेऊन सांग. नुसतं ग्रुपवर टाकलेलं कोणी उघडत नाही, आपणही उघडत नाही.

सगळीच गाणी चांगली असतात असं नाही. पुष्कळांच्या आवाजावर ऑटोट्यून एवढा चढवलेला असतो की माणूस दिसत नाही. ती मी सोडून दिली. यादीत अठराच ठेवलीत.

चौथं गाणं गाडीत लावू नको, रात्री हेडफोन लावून ऐक. दुसऱ्या कडव्यात मागं कोंबडा आरवतो. त्यांनी तो काढला नाही, तसाच राहू दिलाय.

वहिनींना नमस्कार. पुढच्या १४ जानेवारीला सुट्टी काढ. ती पोरगी परत गाणार आहे, मी साऊंडवाल्याला विचारून ठेवलंय.

तुझा,
बाळू