कयाकपटू गुरुजींच्या हाती नुसती शिट्टी

महोदय,

कयाकिंगवर, म्हणजे निमुळत्या होडीच्या शर्यतीवर, पोट चालत नाही, हे जगभर जुनेच आहे. 1948 ते 1960 या काळात ऑलिम्पिकची सहा सुवर्णपदके जिंकणारे स्वीडनचे गर्ट फ्रेड्रिकसन अग्निशमन दलात नोकरी करत. तेव्हा आपल्याकडचा पदकविजेता खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणातून शाळेवर शिक्षक म्हणून रुजू झाला, तर त्यात वावगे काही नाही. वावगे घडते ते पुढे. शाल-श्रीफळ झाले की कवायत, खिचडीचा हिशेब आणि मतदारयाद्या. शाळेमागे मालगुजारी तलाव तुडुंब आणि गुरुजी मैदानावर लंगडीचा डाव घेताहेत!

भंडारा-गोंदियातल्या तलावकाठच्या शाळेत असे शिक्षक असतील, तर खर्चाचा बाऊ करू नये. शर्यतीची एकेरी कयाक 5.20 मीटर लांब, निदान 12 किलो वजनाची आणि इतकी निमुळती की नवखा बसताच उलटतो. ती आधी घ्यायचीच नाही. रुंद बुडाच्या चार प्लास्टिक होड्या आणि प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे लाइफ जॅकेट एवढ्यावर सुरुवात होते. कपड्यांसकट 50 मीटर पोहता आल्याशिवाय मात्र कोणाला होडीत बसवू नये.

ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, पोरे डोंग्यात वाढलेली; तोल त्यांना शिकवावा लागत नाही. अडचण वल्ह्याची. डोंगा एका बाजूने, हाताच्या जोरावर, मागेपर्यंत ओढत वल्हवतात. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. पाते पावलाच्या रेषेत पूर्ण बुडवायचे, मग धड वळवून ओढायचे, कमरेशी येताच बाहेर काढायचे. त्यामागे नेले की होडीचे तोंड वळते आणि वेग मरतो. ज्या बाजूचे पाते पाण्यात, त्याच बाजूच्या पायाने समोरची आडपट्टी रेटायची. ही पट्टी पायाच्या मापाने बसवली नसेल, तर सगळा भार खांद्यावर येतो आणि महिनाभरात पोरगा खांदा धरून बसतो. दुसरी खोड म्हणजे होडी डुचमळली की वल्हे वर उचलणे. खरा आधार पाण्यातल्या पात्याचाच असतो. उचलले की गेलाच.

पाणी भरायचेच, म्हणून होडीच्या दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या हव्यात. भरलेली होडी मधोमध उचलू नये, फायबरची असेल तर तडकते. काठाला आणून एका कडेवर कलती करत रिकामी करावी.

तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो, हे विसरून चालणार नाही. शिंगाड्याचे वेल आणि जाळ्याच्या दोऱ्या सुकाणूत अडकतात. नुकसान त्यांचे, भांडण आपले. संस्थेशी आधी बोलून पाळीलगत, म्हणजे तलावाच्या बांधालगत, 200 मीटरचा पट्टा पांढरे डबे बांधून वेगळा करावा. दिवाळी ते जानेवारी हा काळ उत्तम. पुढे धानाला पाणी सुटते, पातळी उतरते, बेशरमीच्या झुडपांचे खुंट वर येतात. उथळ पाण्यात होडी जडही चालते. सराव सकाळीच घ्यावा, नंतर वारा उठतो.

तलावावरही पदकविजेते घडतात: हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकिंगचे सुवर्ण जिंकलेल्या प्राची यादव भोपाळच्या तलावात घडल्या. भोपाळ नागपूरहून एका रात्रीच्या गाडीवर आहे.

शिक्षणाधिकाऱ्यांनी अशा शिक्षकांना आठवड्यातून तीन सकाळी तलावासाठी मोकळ्या कराव्यात, ग्रामपंचायतीने पाळीवर होड्यांपुरते छप्पर द्यावे. उन्हात पडलेली प्लास्टिक होडी मे महिन्यात वाकडी होते.

– तलावकाठचे काही क्रीडाशिक्षक, जि. भंडारा