एबल शेपटीचे शब्द मुलांना नीट शिकवा

संपादक महोदय,

आमच्या ऐरोलीत सेमी इंग्लिशची मुलं शब्दांच्या याद्या अर्थासकट घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात, त्यापेक्षा शब्दाची शेपटी शिकवा ना. एबल लागलं की बहुतेक वेळा 'करता येण्याजोगं', म्हणजे वॉशेबल धुता येणारं, रीडेबल वाचनीय, आपल्याकडे 'नीय' आहेच की. हा प्रत्यय लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, काही शब्दांत तो इबल होतो, जसं एडिबल म्हणजे खाण्यायोग्य, कानाला फरक कळत नाही म्हणून ते स्पेलिंग मात्र पाठच करावं लागतं.

पण खरी काळजी वाटते ती इनफ्लेमेबलची. ठाणे-बेलापूर रोडवर केमिकलचे टँकर दिसतात, असल्या टँकरवर कधी फ्लेमेबल लिहिलेलं असतं कधी इनफ्लेमेबल, आणि दोन्हीचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं! इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं हे शिकलेलं पोरगं इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं असंच समजणार, पण इथला 'इन' नकाराचा नाहीच, तो पेटवणे या अर्थाच्या इनफ्लेम क्रियापदातला आहे. न पेटणाऱ्याला नॉनफ्लेमेबल म्हणतात. इनव्हॅल्युएबलपण फसवा, तिथे 'इन' नकाराचा आहे पण अर्थ बिनकिमतीचं नाही, मोल करता येणार नाही इतकं मौल्यवान.

शिक्षकांनी हे वर्गात सांगावं आणि टँकरवर 'ज्वालाग्राही' हा शब्दही मोठ्या अक्षरात असावा ही कळकळीची विनंती.

एक पालक, ऐरोली, नवी मुंबई